पाव्हणं नसलेलं ठिकाण

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मला म्हशीपाशी ठेवून सगळी महाबळेश्वरला जाऊन आली. आणलं काय, तर चणे. मला वरचे दात न्हाईत हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हाय. सून सुरेखा म्हणते, आत्या, भिजवून खा. भिजवलेले चणे खायचे तर महाबळेश्वर कशाला लागतंय? आमच्या तळेगावच्या बाजारात मिळतात की.

हां, आता रामराम. ही डायरी माझी. माझ्या पोराला, संपतला, कंपनीनं दिलेली. तारखा मागच्या सालच्या छापल्यात, मी खोडून आपल्या घातल्या. कालच सुरू करणार होते, पण अमावस्या होती. ही कुणी वाचायची न्हाई. जो वाचील त्यानं ते चणे खायचे.

तर संकल्प. आता सहली मी काढणार. लांबच्या न्हाईत. सकाळी डेअरीला दूध घालून निघायचं आन् संध्याकाळच्या धारेला घरी. आमची चंद्री म्हैस माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत न्हाई. संपतला लाथ घातली, सुरेखाला बादलीसकट उडवलं. लोक म्हणतात म्हैस द्वाड हाय. म्हैस शहाणी हाय.

दर गुरुवारी जायचं. संपतच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. नात राजनंदिनी म्हणते, गुरुवारी कॉलेजात काय शिकवत न्हाईत. बाकीच्या दिवशी काय शिकवतात ते बी मला अजून दिसलेलं न्हाई.

नियम असे. डबा घरचा. खायचा झाडाखाली न्हाईतर पाण्याकाठी. हॉटेल बंद. आन् कुणाच्या घरी जायचं न्हाई. सहल म्हंजी सहल, पाव्हणेर न्हाई.

राजनंदिनी सांगत होती, दौंडच्या बानूच्या थोरल्याची रेल्वेत बदली झाली, भुसावळला. संक्रांत झाली की बानूला बी घेऊन जाणार. बानू म्हंजी माझी धाकटी बहीण. होती. मला काय करायचंय. पान कोरं राहिलं होतं म्हणून लिहिलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर, संध्याकाळ

उद्या मोराची चिंचोली. मोर बघायचे, मोरांच्या समोर बसून जेवायचं. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, कांदा, दही. सगळं ठरलं.

सुरेखा म्हणाली, आत्या, उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. माझा उपवास, घट मांडायचाय, मी येत न्हाई.

मी विसरले नव्हते. मला वाटलं ती विसरली असंल.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या मधी इतका वेळ उभे होतो की पुढच्या ट्रकच्या मागं लिहिलेलं सगळं माझं पाठ झालं. तरी मी चिडले न्हाई. सहलीत चिडायचं नसतं. संपत चिडला.

पुढं वाटेत कान्हूर. कान्हूरला माझी नणंद सारजा. दारावरून गाडी नेली आन् थांबवली न्हाई, हे तिला कळलं तर ती पुढच्या लग्नात माईक घेऊन सांगंल. म्हणून नुसतं पाणी प्यायला. उभ्या-उभ्या. संपतला म्हटलं, गाडी बंद बी करू नको.

सारजावन्सनी पाणी दिलं. मग चहा दिला. मग म्हणाल्या, वहिनी, डाळ शिजायला टाकली हाय. मी म्हटलं, कशाला वो वन्सं? त्या म्हणाल्या, टाकली हाय. आता शिजायला टाकलेल्या डाळीला माणूस काय उत्तर देणार? संपतनं गाडी बंद केली.

पुरणपोळी झाली. खाल्ली. पुरण खाल्ल्यावर जी झोप येते तिला आपला इलाज न्हाई. उठले तर उन्हं कलली होती आन् तिकडं चंद्री वाट बघत असणार.

मोर: एक ओरडला. परसाच्या बाजूनं. दिसला न्हाई.

घरी आल्यावर डबा उघडला. भाकरी, भरीत सगळं चंद्रीनं खाल्लं. चंद्रीची सहल चांगली झाली. सुरेखानं विचारलं, मोर कसे होते? मी म्हटलं, बरेच होते. संपत मधीच बोलला, तुपातले होते.

मंगळवार, २ डिसेंबर

चूक सापडली. वाटेत पाव्हणं होतं. आता वाटेतच पाव्हणं असंल तर त्याला मी काय करू? म्हणून या खेपेला निघोजचे रांजणखळगे. कुकडीच्या पाण्यानं खडकाला रांजण पाडलेत. बघण्यासारखं हाय म्हणतात. आन् नवा नियम: कुठं चाललोय ते कुणाला सांगायचं न्हाई.

राजनंदिनीला म्हटलं, मोबाईलवर स्टेटस टाक. आजी गुरुवारी निघोजला चालली, असं. ती म्हणाली, आजी, कुणाला सांगायचं न्हाई ना? मी म्हटलं, सांगायचं न्हाईच. हे नुसतं दाखवायचं.

गुरुवार, ४ डिसेंबर

संपतला आता दर गुरुवारी ओव्हरटाइम लागला. म्हणून पोपटला बोलावलं. पोपट आमच्या भावकीतला, मला काकू म्हणतो. ईको गाडी हाय, कंपनीच्या पोरांची ने-आण करतो. गुरुवारी मोकळाच असतो आन् जेवायला असलं तर कुठं बी येतो.

शिरूरच्या बाहेर रस्त्याच्या मधोमध एक माणूस हात वर करून उभा. पोपट म्हणाला, पोलीस दिसतोय. पोलीस असता तर बरं झालं असतं. सुरेखाचे वडील होते, व्याही, गेणबा. म्हणाले, स्टेटस बघितलं विहीणबाई. आमच्या गावाला वळसा घालून जायचा इचार व्हता व्हय?

व्याह्याला न्हाई म्हणता येत न्हाई. लेक दिलीय त्यांनी. तिनं काय दिवे लावले ते वेगळं, पण दिलीय.

त्यांच्या बोअरला पाणी लागलंय. त्यांनी मोटार चालू केली आन् आम्हाला बांधावर उभं केलं. म्हणाले, बघा. बघितलं. म्हणाले, अडीच इंची हाय. आम्ही पाण्याकडं बघत होतो आन् ते आमच्याकडं. पोपटनं तोंड धुतलं तवा त्यांचं समाधान झालं. मग जेवण. शेवयाची खीर. विहीणबाईंनी आग्रह करून मला साडीवर सांडेपर्यंत वाढली.

रांजणखळगे हाईत तिथंच हाईत. नदी कुठं पळून जात न्हाई.

घरी आल्यावर राजनंदिनीला विचारलं, माझं स्टेटस कुणी कुणी बघितलं? तिनं नावं वाचली. शेवटी म्हणाली, दौंडच्या बानूआजीनं बी बघितलं. मी तिचं विचारलंच नव्हतं. पण कवा बघितलं तेवढं विचारलं. सकाळी उजाडायच्या आधी. म्हंजी अजून लवकर उठते. दमा हाय, झोपायचं सोडून मोबाईल बघत बसते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज काम कमी होतं म्हणून लिहिते. बानूचं आन् माझं भांडण मी कवाच विसरलेय.

तिच्या थोरल्याची हळद होती. पहिली हळद मावशीनं लावायची असती. मी हात धुऊन, पदर खोचून पाटापाशी उभी. आन् बानूनं वाटी दिली त्यांच्या गल्लीतल्या पुढारणीच्या हातात. तिची साडी मोरपंखी, काठ जरीचे, डाव्या खांद्याला पिन, पिनेला एक मोती न्हाई. मला आता काय बी आठवत न्हाई.

मी तिथंच म्हटलं, बाने, तुझ्या घरच्या पाण्याचा थेंब घेणार न्हाई. ती म्हणाली, मग मी बी तुझा उंबरा ओलांडणार न्हाई. तवापासून ना थेंब ना उंबरा. दोघी शब्दाच्या पक्क्या. आईनं वळण चांगलं लावलं होतं.

गुरुवार, ११ डिसेंबर

चिंचणीचं घोड धरण. पोचलो! वाटेत कुणी न्हाई. गेणबांना चुकवून मागच्या रस्त्यानं गेलो. पाणी निळं, पलीकडं बगळे, वारा. चटई टाकली. डबा सोडला. भाकरी हातात घेतली.

एक माणूस पाण्यातली मोटार बघायला आला. मी नुसतं विचारलं, कुणाचा रं तू? विचारावं लागतं. माणूस समोर उभा हाय आन् न विचारता आपण जेवायचं, म्हंजी आपण काय पुण्याचे?

म्हणाला, मी म्हाळू. आजीचं माहेर कुठलं म्हटलं, तर त्यानं जे गाव सांगितलं तिथं माझी मावससासू दिलेली. त्याची आजी आन् माझी मावससासू एका पाण्याच्या घागरीवर भांडल्या होत्या म्हणे. एवढं जवळचं नातं निघाल्यावर तो ऐकतो कुठं? उघडा डबा त्यानंच उचलला, चटई काखेत मारली आन् चालायला लागला. आम्ही मागनं. डबा त्याच्याकडं म्हटल्यावर जाणार कुठं?

अंडा-रस्सा, मार्गशीर्षातल्या गुरुवारी. सुरेखाला सांगायचं न्हाई. राजनंदिनीनं बोटं चाटली.

येताना पोपट म्हणाला, काकू, तुम्ही विचारताच कशाला? मी म्हटलं, ओळख न काढता जेवायचं व्हय? तो म्हणाला, काकू, सहलीत लोकं तसंच जेवतात.

पोपटला जेवण मिळालं तरी बोलतो, न्हाई मिळालं तरी बोलतो.

नवा नियम: सहलीत मौन.

गुरुवार, १८ डिसेंबर

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घरी उद्यापन, सवाष्णी, हळदीकुंकू. सहल न्हाई. बायका गेल्यावर सुरेखाला घेऊन बसले आन् दिशा लावल्या. नगरच्या अंगाला गेणबा. पाबळच्या अंगाला सारजा. घोड नदीवर आता म्हाळू, तो नवीन वाढला. पुण्याकडं तर इतकी पाव्हणी की वाघोलीच्या पुढं जाताच येणार न्हाई, संध्याकाळच व्हायची. राहिली खालची बाजू. न्हावरा, पारगाव, चौफुला, दौंड. तिकडं आपलं कुणी न्हाई.

सुरेखा म्हणाली, आन् बानूमावशी?

मी तिला समजावून सांगितलं. जिच्या घरचं पाणी आपण पीत न्हाई ती पाव्हणी न्हाई. पाव्हणी न्हाई म्हंजी कुणी जेवायला ओढणार न्हाई. म्हंजी सगळ्या मुलखात डबा खायला एवढीच जागा मोकळी हाय. सुरेखा हसायला लागली. देवीच्या समोर दात काढू नयेत, तेवढं म्हटलं.

दौंडच्या पुढं सिद्धटेकच्या वाटेला शिरापूर हाय. तिथं भीमेचा काठ, बाभळी. पूर्वी पलीकडं नावेतनं जावं लागायचं. आई आम्हाला दर्शनाला न्यायची आन् काठावर बसवून हुलग्याचे शेंगोळे खायला घालायची. बानू नावेला भ्यायची, माझा पदर धरायची. फाडला होता एकदा.

हे आपलं जागेची माहिती म्हणून लिहिलं.

सोमवार, २२ डिसेंबर

राजनंदिनीकडून स्टेटस घातलं: आजी गुरुवारी शिरापूरला, भीमेच्या काठी, मोठ्या बाभळीखाली, दुपारभर. सगळं नीट लिहायला लावलं. म्हंजी लोकांना कळावं आन् त्यांनी तिकडं फिरकू नये.

राजनंदिनी म्हणाली, आजी, बाभळीचा फोटो बी टाकू का? आगाऊ हाय. बापावर गेलीय. टाक म्हटलं.

गुरुवार, २५ डिसेंबर

सहल यशस्वी.

कुणी आडवलं न्हाई. कुणी भेटलं न्हाई. एक मेंढका लांबनं गेला, मी मौन पाळलं, तो बी पाळून गेला. झाड, पाणी, सावली, चटई, डबा, सगळं नियमात. हेच तर पाहिजे होतं.

भाकरी जात नव्हती. बाजरी कडू असंल. पोपटला म्हटलं, तू खा. तो म्हणाला, कडू न्हाई काकू.

नदी काय, पाणीच की. एका बाजूनं येतं, दुसऱ्या बाजूला जातं. माणूस किती वेळ बघणार? मी रस्त्याकडं तोंड करून बसले. उन्हाचा त्रास होत होता म्हणून. रस्त्यावर एक रिक्षा आली, तिच्यात सिमेंटच्या गोण्या होत्या.

राजनंदिनी सारखी म्हणत होती, अजून थोडं थांबू आजी. मी म्हटलं, कशाला? कुणाची वाट बघायचीय का आपल्याला? ती म्हणाली, न्हाई. मग थांबलो थोडं.

सहली लोकं कशासाठी काढतात कुणास ठाऊक.

शुक्रवार, २६ डिसेंबर

बानूनं स्टेटस बघितलंच न्हाई. राजनंदिनी म्हणाली, तिचा मोबाईल बंद हाय, रिचार्ज संपला असंल. मी म्हटलं, मला कशाला सांगतीस?

मग पोपटला सहज विचारलं, दुसऱ्याच्या मोबाईलचा रिचार्ज आपल्याला इथनं मारता येतो का रं? म्हणाला, नंबर द्या. दिला. मारला. दम्याच्या माणसाचा फोन बंद असू नये. भांडण असलं म्हणून काय झालं? ह्याला समाजकार्य म्हणतात. पोपटला सांगितलं, कुठं बोललास तर पुढच्या गुरुवारी डबा न्हाई.

गुरुवार, १ जानेवारी

विजयस्तंभाच्या गर्दीमुळं नगर रोड आज वळवलेला असतो, सगळे ट्रक आमच्या न्हावऱ्याच्या रस्त्याला. पोपट म्हणाला, आज जमत न्हाई. नवीन वर्षाचा संकल्प: जुनेच पुढं चालू.

संक्रांत जवळ आली. म्हंजी तिळाचे लाडू करायचेत, दुसरं काय न्हाई.

बुधवार, ७ जानेवारी

उद्या परत शिरापूर. मागच्या खेपेला नदी नीट बघितली न्हाई. स्टेटस घातलं. रिचार्ज पोचलाय.

गुरुवार, ८ जानेवारी

लिहिते सगळं.

आम्ही जाऊन बसलो तर थोड्या वेळानं रिक्षा आली. सिमेंट नव्हतं. बानू उतरली. हातात डबा, काखेत चटई, गळ्याला मफलर. बारीक झालीय. माझ्याकडं बघितलं न्हाई. शेजारच्या बाभळीखाली चटई टाकली आन् राजनंदिनीला मोठ्यानं म्हणाली, बाळे, मी दर गुरुवारी इथं येते, डॉक्टरनं हवा घ्यायला सांगितलीय.

मी बी राजनंदिनीला म्हटलं, सांग त्यांना, आम्ही बी दर गुरुवारी येतो, आमची जागा हाय ही.

बानू म्हणाली, मागच्या गुरुवारी दिसला न्हाईत.

मी म्हटलं, त्यांना विचार, मागच्या गुरुवारी त्या तरी होत्या का?

राजनंदिनी दोन्ही बाभळींच्या मधी उभी. हसत बी नव्हती कार्टी, नुसती लाल झाली होती. पोपट गाडीची काच पुसत होता.

मग बानूनं वाटी पाठवली. निरोप असा, शेंगोळे जास्त झालेत, त्या बाईंना म्हणावं घेता का, न्हाईतर कुत्र्याला घालते. मला अन्नाची नासाडी बघवत न्हाई. घेतले. शपथ पाण्याची होती, शेंगोळ्यांची नव्हती. पोपट काच पुसता पुसता म्हणाला, पण काकू, शेंगोळे पाण्यातच शिजवतात. मी ऐकलंच न्हाई.

हुबेहूब आईच्या हातचे. लसूण तेवढा जास्त. तो बी आईच्या हातचाच जास्त.

तिखट बानूला पहिल्यापासून कळत न्हाई. मला ठसका लागला. डोळ्यातनं, नाकातनं पाणी. आमचा पाण्याचा कॅन बघितला तर रिकामा. पोपट कुठल्या पाण्यानं काच पुसत होता ते तवा कळलं. मी खोकतेय, राजनंदिनी पाठ चोळतेय, नदीचं पाणी हिरवं. तवर बानू उठून आली, समोर बाटली धरली, म्हणाली, घे.

मी मान हलवली. शब्द म्हंजी शब्द.

ती म्हणाली, आक्के, घे गं. माझ्या घरचं न्हाई. जारचं हाय. जारवाला रोज टाकून जातो. आमच्या बोअरचं खारं पाणी आम्ही भांड्याला वापरतो.

प्यायले. आधी प्यायले, मग विचारलं, जार कवापासून घेता? म्हणाली, पोराच्या लग्नाच्या आधीपासून.

म्हंजी एवढी वर्षं ज्या पाण्याला मी हात लावणार न्हाई म्हणून बसले, ते पाणी त्या घरात कुणी पीतच नव्हतं. त्या दिवशी मांडवात बी जारच होते. मी म्हटलं, बाने, तवाच सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, तू विचारलंस का? तरातरा निघून गेलीस, पाठीला तोंड असतं का?

मग तिनं आपणच सांगितलं. पुढारणीनं गल्लीत नळ आणून देते म्हणून शब्द दिला होता, म्हणून हळदीची वाटी तिच्या हातात दिली. मी विचारलं, नळ आला का? म्हणाली, नळ आला असता तर जार कशाला घेतला असता, आक्के?

मी हसले न्हाई. ठसका परत लागला होता.

नंतर ती आमच्या चटईवर बसली, तिच्या बाभळीखाली मुंग्या होत्या म्हणून. माझं भरीत खाल्लं. म्हणाली, मीठ कमी. मी म्हटलं, भुसावळला जाणार म्हणे. म्हणाली, पोरगा तिकीट काढतोय. मी म्हटलं, जा की. केळी चांगली मिळतात तिकडं. नदीकडं बघत बसलो. नदी वाईट न्हाई तशी.

निघताना तिळाचे लाडू दिले. संक्रांतीच्या आधीच दिले, म्हंजी तिळगूळ देऊन गोड बोलायला लावलं असं कुणाला वाटायला नको.

घरी अंधार पडल्यावर पोचले. चंद्रीनं दावं तोडलं होतं आन् संपत लंगडत होता. एवढं चालायचं.

ती आधी बोलली. जिंकले मी.

मंगळवार, १३ जानेवारी, भोगी

आता खरी सुरुवात. जमल्या की सहली मला. परवा सुप्याच्या अभयारण्यात हरणं, मग निघोज, मग चिंचोलीचे मोर, कान्हूर टाळून. बानू भुसावळला जायच्या आधी एक-दोन ठिकाणं तिला बी दाखवून होतील, बिचारीनं बघितलंय काय? स्टेटस घातलं न्हाई. आता कशाला लागतंय?

गुरुवार, १५ जानेवारी

डबा बांधून झाला होता. धपाटे, दही, ठेचा. पोपटची गाडी दारात. चप्पल घालत होते, तवर एक टेम्पो शेताच्या वाटेनं आत. बानू पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं तिच्या गल्लीतल्या बायका, चटया, भजनाची झांज. आन् बायकांच्या मधी कोण, तर ती पुढारीण. साडी आज भगवी. पिन डाव्याच खांद्याला.

बानू म्हणाली, आक्के, तुझ्या सहलींचं सगळ्यांना इतकं सांगितलं, म्हणाल्या आपण बी काढू. जवळचं, सावलीचं, पाण्याकाठचं ठिकाण पाहिजे होतं. तुझ्या विहिरीवरची चिंच आठवली.

चिंचेखाली चटया टाकल्या. माझ्या चिंचेखाली. उंबरा ओलांडला न्हाई, शब्दाची पक्की. खिडकीतनं वाकून सगळं घर बघितलं, पडदे मळलेत म्हणाली. संडास बाहेर हाय म्हणून तेवढं निभावलं.

डबे आणलेत म्हणाल्या. पण भाकरी गरम असती तर बरं. मग पिठलं. मग ताक. मी चुलीपुढं आन् सुरेखा माझ्यापुढं, दिवसभर. हरणं सुप्यालाच राहिली. आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? डाळ मीच टाकली शिजायला. कुणी टाक म्हटलं नव्हतं.

पुढारणीनं पिठलं दोनदा घेतलं. म्हणाली, आक्का, तुमच्या हाताला चव हाय. मी म्हटलं, हळद बरोबर पडलीय का बघा. बानू तिकडं तोंड फिरवून खोकली. दमा नव्हता तो.

संध्याकाळी मी भाकरी टाकतेय आन् धारेची वेळ झाली. बानू म्हणाली, मी काढते. मी म्हटलं, जाऊ नको, मारंल. मनात म्हटलं, मार खाऊ दे, म्हंजी कळंल. चंद्री उभी. शेपूट बी हलवली न्हाई. बादली भरली, वर फेस. संपत म्हणाला, आई, हे बरं झालं. आता म्हशीपाशी मावशीला ठेवून तुला बी महाबळेश्वरला नेता येईल.

म्हैस शहाणी वगैरे काय न्हाई. फितूर हाय.

भुसावळचं शेवटी मीच विचारलं. म्हणाली, जात न्हाई. थोरला जाईल, मी धाकट्यापाशी दौंडातच राहते. पोराला सांगितलं, दर गुरुवारी माझी सहल असती, तिकडनं दर खेपेला कुठं येऊ? पोरानं माझं तिकीट काढलंच न्हाई. मी म्हटलं, तुझी मर्जी. चुलीत धूर लई झाला होता.

जाताना टेम्पोतनं ओरडली, आक्के, पुढच्या गुरुवारी दोन टेम्पो हायेत, भरीत जास्त कर, मीठ बघून घाल.

म्हंजी माझ्या सहली संपल्या. सारजा, गेणबा, म्हाळू, तसं आता मी. लोकांच्या वाटेतलं पाव्हणं झाले.

बुधवार, २१ जानेवारी, संध्याकाळ

मला हे मान्य न्हाई. उद्या मी घरात नसणार. निघोज. पोपटला सांगितलंय, पहाटेच. नियम म्हंजी नियम.

सुरेखानं वांगी भाजायला ठेवलीत. जरा जास्त भाजायला सांगितली, वांगी चांगली मिळाली बाजारात म्हणून. शेंगदाणे मी कुटतेय.

फोन वाजतोय. कुणाचा ते माहीत हाय. माझे हात कुटात भरलेत आन् मला तिच्याशी बोलायचं न्हाई. राजनंदिनीनं उचलायचा. सांगायचं, आजी उद्या सहलीला जाणार, घरी कुणी न्हाई. आन् किती जणी येणार, ते तिनंच विचारून घ्यायचं.